‘प्रॉब्लेम’ऐवजी काय म्हणायचं? कामाच्या इंग्रजीसाठी नेमके शब्द

अंबडच्या कारखान्यातून गेलेला मेल असो की पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमधून सुटलेला मेसेज, ‘देअर इज प्रॉब्लेम’ हमखास सापडतं. मशीन बंद पडलं, माल कमी भरला की ट्रक कसाऱ्याला अडकला, यातलं काहीच त्यातून कळत नाही. शिवाय ‘अ’ राहिलेला असतो तो वेगळाच. ‘देअर इज अ प्रॉब्लेम’ हवं.

यावर सोपा इलाज म्हणजे इंग्रजी शब्द शोधण्याआधी मराठी शब्द ठरवणं. बिघाड, दोष, चूक, अडचण, तुटवडा, उशीर यांतलं नेमकं काय झालंय? ते ठरलं की इंग्रजी शब्दाला फार पर्याय उरत नाहीत.

बिघाड म्हणजे चालू असलेली वस्तू चालेनाशी होणं. वायरिंग किंवा पॅनलमध्ये असेल तर ‘फॉल्ट’, अख्खं मशीन बंद पडलं तर ‘ब्रेकडाउन’, एखादा पार्ट निकामी झाला तर ‘फेल्युअर’, उदाहरणार्थ ‘बेअरिंग फेल्युअर’. ब्रेकडाउन हे नाम एक शब्द म्हणून लिहितात, क्रियापद मात्र सुटं: ‘द मशीन ब्रोक डाउन’. स्क्रीन मध्येच अडकते आणि रीस्टार्ट केल्यावर चालते, एवढ्यापुरता ‘ग्लिच’ ठीक आहे. गिअरबॉक्स फुटल्यावर ग्लिच लिहिलं तर समोरचा टेक्निशियन पाठवायची घाई करणार नाही.

दोष म्हणजे ‘डिफेक्ट’. तो वस्तू बनतानाच राहिलेला असतो, जसं कास्टिंगमधलं ब्लो होल, म्हणजे ओतकामात वायू अडकून राहिलेली पोकळी. इथे ‘फॉल्ट’ जपून वापरा, कारण त्याचा दुसरा अर्थ दोषारोपाचा आहे. ‘देअर इज अ फॉल्ट इन द पॅनल’ ही माहिती झाली. ‘इट इज युअर फॉल्ट’ म्हणजे सरळ भांडण. वाटेत माल आदळून खराब झाला तर ‘डॅमेज’. त्याचं अनेकवचन करू नका. ‘डॅमेजेस’चा कायदेशीर अर्थ नुकसानभरपाईची रक्कम असा होतो, आणि खोक्यांबद्दलच्या साध्या मेलमध्ये तो शब्द पाहून समोरचा थेट वकिलाकडे जायचा. खोकी ‘डॅमेज’ही नसतात, ‘डॅमेज्ड’ असतात.

द्राक्षाच्या मालाला तर ‘क्वालिटी प्रॉब्लेम’ लिहूच नये. मणी तडकले असतील तर ‘क्रॅकिंग’. देठापासून सुटून गळाले तर व्यापारात ‘शॅटर’ म्हणतात, पण वाचणारा या धंद्यातला नसेल तर त्याला मणी फुटलेत असं वाटेल. त्याला ‘लूज बेरीज’ लिहा. हिरव्या मण्यावर गुलाबी छटा आली तर ‘पिंक बेरी’, कुज लागली तर ‘डिके’ किंवा ‘रॉट’. पेटीतल्या सल्फर डायऑक्साइडच्या पॅडमुळे मण्याचा रंग उडाला तर ‘ब्लीचिंग’. एवढा काटेकोरपणा लागतो, कारण प्रत्येकाचं मूळ वेगळ्या ठिकाणी असतं. क्रॅकिंगचं कारण बहुधा बागेत, अवेळी पावसात सापडतं. ब्लीचिंगसाठी पॅकिंग तपासावं लागतं, आणि कुजीसाठी गारवा कुठे तुटला ते बघावं लागतं. पैसे कोणी सोसायचे हा वादही तिथूनच सुटतो. आकडा जोडायला विसरू नका. ‘मेनी बॉक्सेस’ऐवजी ‘९ ऑफ द १२० बॉक्सेस शो बेरी क्रॅकिंग’ लिहिलं की पुढचा प्रश्नच येत नाही.

चूक असेल तर ‘एरर’ की ‘मिस्टेक’? इनव्हॉइसमध्ये दर चुकला तर ‘एरर इन द इनव्हॉइस’ बरं, कारण त्यात कागदाकडे बोट जातं. ‘मिस्टेक’मध्ये माणसाकडे जातं, म्हणून ते स्वतःची चूक कबूल करताना शोभतं. मिस्टेक ‘मेक’ करतात, ‘डू’ नाही. आणि ‘बाय मिस्टेकली’ असा शब्दप्रयोगच नाही. ‘बाय मिस्टेक’ पुरे.

अडचणीसाठी ‘डिफिकल्टी’ किंवा ‘ट्रबल’. ट्रबलनंतर ‘टू स्टार्ट’ नाही, ‘स्टार्टिंग’ येतं: ‘वी आर हॅविंग ट्रबल स्टार्टिंग द पंप’. माणूस ‘इन ट्रबल’ असतो तेव्हा तो गोत्यात आलेला असतो, पंपाला ते लावू नका.

तुटवडा म्हणजे ‘शॉर्टेज ऑफ’. माल कमी भरला किंवा उशीर झाला तर दोन्हीकडे ‘बाय’ लागतो: ‘शॉर्ट बाय २ बॉक्सेस’, ‘डिलेड बाय ६ अवर्स’.

‘इश्यू’ सध्या सगळीकडे चालतो. तो मवाळ आहे, म्हणून ग्राहकाशी बोलताना सोयीचा. पण नेमकेपणात तो प्रॉब्लेमइतकाच पोकळ. जोडीची क्रियापदं मात्र पाठच करावीत: प्रॉब्लेम ‘सॉल्व्ह’, इश्यू ‘रिझॉल्व्ह’, फॉल्ट ‘फिक्स’, डिफेक्ट ‘रेक्टिफाय’, एरर ‘करेक्ट’.

बोलण्यात वेगळे खड्डे आहेत. ‘तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे?’ हे मराठीत काळजीनंही विचारता येतं. त्याचंच ‘व्हॉट इज युअर प्रॉब्लेम?’ केलं की परदेशी पाहुण्याला ती दमदाटी वाटते. ‘इज एनीथिंग राँग?’ विचारा. ‘टेन्शन घेऊ नका’चं ‘डोन्ट टेक टेन्शन’ करू नका, ‘डोन्ट वरी’ म्हणा. प्रश्न विचारायचा असताना ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं तर आपला त्यांच्यावर विश्वास नाही असा अर्थ निघू शकतो; तिथे ‘क्वेश्चन’ हवं. ‘थँक यू’ला उत्तर म्हणून ‘नो प्रॉब्लेम’ तोंडी चालतं, औपचारिक पत्रात ‘यू आर वेलकम’ बरं दिसतं.

लिहिताना क्रम असा ठेवा: काय झालं, कुठे, कधीपासून, किती, आपण काय केलं, त्यांच्याकडून काय हवं. विषयाच्या ओळीत ‘अर्जंट प्रॉब्लेम’ऐवजी ‘प्रेस ब्रेकडाउन, सातपूर: टेक्निशियन नीडेड टुडे’. खाली मजकूर: ‘द हायड्रॉलिक प्रेस ॲट अवर सातपूर युनिट ब्रोक डाउन ॲट १०:४० धिस मॉर्निंग. द मेन पंप इज लीकिंग. वी हॅव स्टॉप्ड द लाइन. प्लीज सेंड अ टेक्निशियन बाय ४ पी.एम.’ शेवटच्या वाक्यात वेळ घातलीच पाहिजे. ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ लिहिलं की ते काम उद्यावर गेलंच म्हणून समजा.