पुल्ड पोर्क चिवट होतंय? या चुका टाळा

पुल्ड पोर्क म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवून धागे सुटे केलेलं डुकराच्या खांद्याचं मांस. पाच-सहा तास मंद आचेवर ठेवलेल्या तुकड्यात काटा खुपसून ओढलं, की मांसाचे धागे अलगद सुटायला हवेत. ते सुटले नाहीत, नुसते ताणले गेले, की बहुतेक जण हळहळतात, "जरा जास्तच शिजलं वाटतं!" आणि तुकडा घाईघाईने बाहेर काढतात. खरं तर चिवट पुल्ड पोर्क जवळजवळ नेहमीच कमी शिजलेलं असतं. त्याला अजून तास-दीड तास हवा असतो.

खांद्याच्या स्नायूंना सतत काम असतं, म्हणून त्यांत कोलॅजेन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर. पोर्कचा अख्खा तुकडा आतून ६३ अंश सेल्सिअसला पोहोचून ३ मिनिटं तसाच राहिला की खायला सुरक्षित होतो, पण खांदा त्या टप्प्यावर चावता चावत नाही. सुमारे ७० अंशांपुढे कोलॅजेनचं मऊ जिलेटिन होण्याला वेग येतो आणि ते काम पुरं व्हायला आतलं तापमान ९३ ते ९६ अंशांपर्यंत न्यावं लागतं. तोवर मांसातलं पाणी बरंच निघून गेलेलं असतं. खाताना जो रसाळपणा जाणवतो, तो या जिलेटिनचा आणि वितळलेल्या चरबीचा. लॉइनसारख्या (पाठीकडच्या) कमी चरबीच्या भागात या दोन्ही गोष्टी नसतात, त्यामुळे तो कितीही मंद आचेवर शिजवा, कोरडाच पडणार. तुकडा खांद्याचाच घ्या, शक्यतो हाडासकट.

घड्याळावर भरवसा

२ किलोचा तुकडा १२० अंशांच्या ओव्हनमध्ये साधारण ७ ते ९ तास घेतो. हा केवळ अंदाज आहे. तुकड्याची जाडी, हाड, चरबी, ओव्हनचा स्वभाव, सगळ्यांनी वेळ बदलते. थर्मामीटरची सुई सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. आकडा ९३ दाखवतोय पण सुई शिरताना अडतेय, तर थांबा. ती मऊ लोण्यात शिरल्यासारखी गेली पाहिजे. हाड हातात धरून हलवलं आणि ते सैल लागलं, तर माझा त्या खुणेवर आकड्याहून जास्त विश्वास आहे.

सगळ्यात जास्त लोक घाबरतात ते मधल्या टप्प्यावर. तापमान ६५ ते ७५ अंशांच्या आसपास येतं आणि तिथेच अडून बसतं, कधी कधी दोन-तीन तास. ओव्हन बिघडलेला नसतो. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत असतं आणि घामाने अंग थंड व्हावं तसा तुकडा थंड होत राहतो. अशा वेळी आच वाढवून १८० वर नेऊ नका. बाहेरचा मसाला करपेल आणि आतल्या कोलॅजेनला मिळायचा तो वेळ मिळणार नाही. घाई असेलच तर तुकडा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा. वाफ आत कोंडली की तापमान पुन्हा चढू लागतं. मात्र वरची खरपूस साल गडद होऊन नखाने खरवडली तरी निघेनाशी झाल्यावरच गुंडाळा, नाहीतर मसाल्याचा लगदा होतो. फॉइलने साल थोडी मऊ पडतेच. जाड बुचर पेपरमध्ये (मांस गुंडाळायच्या कागदात) ती जास्त टिकते, पण वेळ अधिक जातो.

मसाल्यातल्या चुका

सुक्या मसाल्यातलं मीठ तेवढं आत खोल मुरतं. पॅप्रिका, मिरी, लसूण पावडर, मोहरीची पूड, जिरं हे सगळं वरच राहतं. म्हणून मीठ आदल्या रात्रीच चोळा, किलोला १० ते १५ ग्रॅम, आणि बाकी मसाला शिजवण्याआधी लावला तरी चालतो. विकतच्या मसाल्यात बहुधा मीठ असतंच. पाकीट न वाचता वेगळं मीठ लावलं की पदार्थ खारट होतो आणि दोष उगाच मसाल्यावर जातो.

ओल्या मांसाला मसाला धरत नाही, आधी टिपून कोरडं करा. ब्राउन शुगर १२० अंशांना करपत नाही. ती करपते आच वाढवल्यावर किंवा तुकडा थेट निखाऱ्यांवर ठेवल्यावर. वरचा चरबीचा जाड थर अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत कापून टाका. ती चरबी वितळून मांसात मुरते हा समज चुकीचा आहे, ती खाली गळून जाते आणि तिच्यावर लावलेला मसालाही बरोबर नेते.

धूर आणि स्लो कुकर

स्मोकरमधून (लाकडाच्या धुरावर मांस शिजवायच्या भट्टीतून) दाट पांढरा धूर येत असेल तर मांस कडवट होणार. धूर पातळ, निळसर होईपर्यंत तुकडा आत ठेवू नका.

स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) पाणी ओतू नका, मांसाचंच पुष्कळ सुटतं. झाकण उघडून बघण्याचा मोह आवरा. गोठलेला तुकडा तर थेट कधीच घालू नका: तो फार हळू तापतो आणि जंतू वाढतात त्या ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात बराच वेळ राहतो. खरपूस साल इथे मिळत नाही, म्हणून शेवटी सुटे केलेले धागे ट्रेवर पसरून ग्रिलखाली पाच मिनिटं धरा.

बाहेर काढल्यावर

लगेच ओढू नका. गुंडाळलेलाच किमान तासभर राहू द्या. गरमागरम फोडला की रस वाफेबरोबर उडून जातो. खाली साठलेला रस फेकणं ही मला सर्वांत वाईट वाटणारी चूक. त्यावरची चरबी काढा आणि उरलेला रस धाग्यांत परत कालवा. धागे बोटभर जाड ठेवा, फार बारीक केले की लवकर सुकतात.

बिघडलंच तर

चिवट असेल तर थोडा रस घालून झाकून परत ओव्हनमध्ये, तासभर. कोरडं असेल तर गरम रस आणि चमचाभर व्हिनेगर. खारट झालं असेल तर बिनमिठाचा रस किंवा सॉस. अगदी भुगा झाला असेल तर धागे परत येणार नाहीत, पण तव्यावर पसरून न हलवता कुरकुरीत केलं तर चव वाया जात नाही.

उरलेलं दोन तासांच्या आत, उथळ डब्यांत, रसासकट फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच रसात झाकून मंद आचेवर गरम करा.