समुद्री स्पंजातून प्रतिजैविकाचा शोध: कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत कसा घ्यावा

कोल्हापूरला समुद्र नाही म्हणून स्पंजातल्या जीवाणूंपासून नवं प्रतिजैविक शोधायचं हे काम किनाऱ्यावरच्या लोकांनीच करावं, असं समजायचं कारण नाही. आंबा घाट उतरला की तीन-चार तासांत रत्नागिरी गाठता येते. नमुना थंड ठेवला तर तो २४ तासांच्या आत प्लेटवर पडला म्हणजे झालं. एम.एस्सी.च्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतं तेवढ्या साहित्यात पहिले दोन टप्पे, म्हणजे जीवाणू वेगळे करणं आणि त्यांची चाचणी घेणं, सहज होतात.

प्राणी स्पंजच घ्यावा. तो जागचा हलत नाही, सतत पाणी गाळतो आणि काही जातींत त्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा जीवाणूंचाच असतो. ॲसिडियन हा खडकाला चिकटून राहणारा पिशवीसारखा प्राणीही चांगला: फ्लोरिडाच्या एका ॲसिडियनमधल्या मायक्रोमोनोस्पोरा या जीवाणूतून टर्बिमायसिन हे बुरशीविरोधी द्रव्य मिळालं, ते २०२० मध्ये जाहीर झालं. प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्री काकडी यांना मात्र हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते संरक्षित आहेत. मालवणच्या सागरी अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीच उचलायचं नाही.

सर्वांत सोपी जागा म्हणजे मासळी बंदर. जाळ्यात अडकून आलेला स्पंज खलाशी फेकूनच देतात, तो मागून घ्या. पण जाळ्यातून निघून किती तास झाले ते विचारा. उन्हात पडलेला तुकडा नको. खडकावरून घ्यायचा असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जा, तेव्हा पाणी सगळ्यात आत जातं. भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब इथे कामी येतो: तिथीची पाऊणपट. पौर्णिमेला सव्वाअकराची भरती, म्हणजे ओहोटी साधारण सव्वापाचला. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि खडकांवर लाटाही असतात, म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका.

मुठीएवढा स्पंज उपटायची गरज नाही, अंगठ्याएवढा तुकडा पुरतो. हातमोजे घाला, स्पंजाच्या सुया कातडीत रुततात. तुकडा त्याच जागच्या समुद्राच्या पाण्यासह झिपच्या पिशवीत घालून थर्माकोलच्या पेटीत ठेवा. बर्फ आणि पिशवी यांच्यामध्ये कागदाची जाड घडी हवी. गोठलेल्या नमुन्यातले बरेच जीवाणू मरतात. एक छोटा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळा ठेवा, पुढे स्पंजाची जात ओळखायला लागतो. येताना २० लिटर स्वच्छ समुद्राचं पाणीही आणा. आणलं नाही तर कृत्रिम पाणी करता येतं: लिटरला २४ ग्रॅम मीठ, ११ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड, ४ ग्रॅम सोडियम सल्फेट, दीड ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, ०.७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. कॅल्शियम वेगळं विरघळवून शेवटी घाला, नाहीतर पाणी गढूळ होतं.

प्रयोगशाळेत आल्यावर तुकडा निर्जंतुक समुद्राच्या पाण्यात तीनदा खळबळून धुवा. नाहीतर जे वाढेल ते स्पंजातलं की पाण्यातलं, सांगता येणार नाही. १ ग्रॅम ऊती निर्जंतुक खलबत्त्यात ९ मिली पाण्यात वाटून घ्या. अर्धा भाग तसाच ठेवा, अर्धा ५५ अंशांच्या वॉटरबाथमध्ये ६ ते १० मिनिटं. उष्णतेनं व्हिब्रिओसारखे झपाट्यानं वाढणारे जीवाणू मरतात, ॲक्टिनोमायसीट्सचे (प्रतिजैविकं बनवणारे, हळू वाढणारे जीवाणू, आपल्याला हवे ते हेच) बीजाणू तगतात. बॅसिलसही तगतो, आणि तो रातोरात अख्खी प्लेट व्यापतो. त्यावर औषध नाही. मिश्रण दर वेळी दहापट पातळ करत १०⁻⁴ पर्यंत न्या, प्लेटा जास्त ओता.

माध्यम साधं ठेवा: लिटरभर समुद्राच्या पाण्यात स्टार्च १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ४, पेप्टोन २, अगर १८. याच्या जोडीला एक उपाशी माध्यमही ओता, फक्त समुद्राचं पाणी आणि अगर. हळू वाढणारे त्यावर जास्त दिसतात. ऑटोक्लेव्हनंतर ५० अंशांपर्यंत निवलं की मिलिलिटरला झपाट्यानं वाढणाऱ्या जीवाणूंना रोखायला २५ मायक्रोग्रॅम नॅलिडिक्सिक ॲसिड आणि बुरशीला रोखायला ५० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड घाला. पहिलं पाण्यात विरघळत नाही, त्याला थोडं पातळ सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. दुसरं विषारी आहे, मास्क लावूनच तोला. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते टाळून चालत नाही, हवेतली बुरशी प्लेट खाऊन टाकते.

आता २८ अंशांवर सहा आठवडे. हो, सहा आठवडे. विद्यार्थी आठव्या दिवशी प्लेटा टाकून देतात आणि हाती तेच नेहमीचे जीवाणू येतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत अगर तडकतो, म्हणून प्लेटा पॅराफिल्मनं बंद करून ओल्या कापसासह झाकणाच्या डब्यात ठेवा. टणक, अगरात रुतलेली, सुईनं उचलताना अख्खी निघणारी कॉलनी दिसली की ती हवी. चकचकीत, चिकट, एका रात्रीत वाढलेली सोडा. शुद्ध केलेल्या प्रत्येक जीवाणूचा २० टक्के ग्लिसरॉलमधला साठा लगेच करा, कारण चार-पाच वेळा पुन्हा पुन्हा वाढवल्यावर काही जीवाणू द्रव्य बनवणंच सोडून देतात.

तपासणीत घोडं पेंड खातं. शुद्ध जीवाणूच्या दोन आठवडे वाढलेल्या प्लेटमधून ६ मिमीची अगराची गोल चकती कापून स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि इ. कोलाय पसरलेल्या म्युलर-हिंटन (चाचणीचं ठरलेलं माध्यम) प्लेटवर ठेवायची, १८ ते २४ तासांनी भोवतालचं वाढ न झालेलं वलय मोजायचं. चाचणीचे जीवाणू पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या जीवाणूंच्या संग्रहांतून मागवा, रुग्णालयातले प्रतिरोधक जीवाणू साध्या प्रयोगशाळेत आणू नका. वलय दिसलं तरी हुरळून जाऊ नका. समुद्री माध्यमातलं मीठच इ. कोलायला रोखत असेल. म्हणून प्रत्येक प्लेटवर जीवाणू नसलेली कोरी चकती हवीच. सेंद्रिय आम्लानंही वलय पडतं: जीवाणू द्रव माध्यमात वाढवा आणि गाळलेला द्रव पीएच ७ वर आणून पुन्हा चाचणी घ्या. हायड्रोजन पेरॉक्साइडचा संशय असेल तर कॅटालेज घालून पाहा. लोह पळवणाऱ्या सिडेरोफोरमुळेही वाढ खुंटते. माध्यमात फेरिक क्लोराइड घातल्यावर वलय गेलं तर समजून जा. या चाळण्यांतून थोडेच उरतात, आणि पुढचा खर्च त्यांच्यावरच करायचा.

उरलेल्यांसाठी २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली द्रव माध्यम, शेकरवर मिनिटाला १८० फेरे, ७ ते १४ दिवस. फ्लास्क जास्त भरला की हवा कमी पडते आणि द्रव्य बनत नाही. सुरुवातीलाच लिटरला २० ग्रॅम एक्सएडी-१६ रेझिन घातलं तर द्रव्य त्यावर चिकटतं. रेझिन पाण्यानं धुतलं की मीठही जातं. मग ॲसिटोननं काढून ४० अंशांवर आटवा. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ९६ विहिरींच्या प्लेटमध्ये किमान रोधक मात्रा (वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा) काढा: मिलिलिटरला १२८ मायक्रोग्रॅमपासून निम्मी-निम्मी करत, विहिरीत मिलिलिटरला सुमारे ५ लाख जीवाणू, डीएमएसओ १ टक्क्याच्या आत. याच वेळी तांबड्या रक्तपेशींवरही चाचणी घ्या. पेशी फोडणारा अर्क सगळंच मारतो.

नवं आहे का, हे शेवटी न विचारता इथेच विचारा. अर्क पिवळा-केशरी असेल तर ॲक्टिनोमायसिन डी हे जुनंच द्रव्य निघण्याची शक्यता मोठी: मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूंच्या वजनाचा आलेख) १२५५ चं शिखर पाहा. ४६७ दिसलं तर स्टॉरोस्पोरिन, तेही ओळखीचंच, असू शकतं. जीवाणूची ओळख पटवायला १६ एस आरआरएनए जनुकाचं अनुक्रमण २७एफ आणि १४९२आर प्रायमरनं करून घ्या. जीनोम करणं परवडलं तर तो अँटिस्मॅश या संगणक प्रणालीत टाका, द्रव्य बनवणारे कोणते जनुकसंच ओळखीचे आणि कोणते नाहीत ते कळतं. पेटंटकडे जायचा विचार असेल तर ते मिळण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पूर्ण करावी लागते. तुकडा कुठून, कोणत्या तारखेला, कोणत्या परवानगीवर आला याची वही तिथे लागते; ती पहिल्या दिवसापासून लिहा.