कथास्पर्धेला कथा पाठवताय? आधी फॉन्ट बघा

दिवाळी अंकांच्या कथास्पर्धा जाहीर झाल्या की सांगलीतले बरेच जण वहीतली कथा डीटीपीवाल्याकडे टाइप करायला देतात. घोळ तिथंच होतो. काही दुकानांत अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट चालतात. छापलेल्या कागदावर सगळं ठीक दिसतं, पण तीच फाइल आयोजकांच्या कॉम्प्युटरवर उघडली की ‘कृष्णा’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा. म्हणून युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत, टाइप करून मागा. खात्री करायला दोन ओळी कॉपी करून स्वतःच्या व्हॉट्सॲपवर टाका. मराठी दिसलं की झालं.

नियमांतला ‘अप्रकाशित’ हा शब्द नीट वाचा. फेसबुकवर टाकलेली कथाही बऱ्याच ठिकाणी प्रकाशित धरतात. कथेवर लेखकाचं नाव नको म्हटलं असेल तर फाइलच्या नावातही नको.

शब्दमर्यादा ओलांडली असेल तर कात्री सुरुवातीला लावा. पुराची कथा असली की पहिले दोन परिच्छेद नदीच्या वर्णनात जातात, ते बहुधा उडवता येतात. ‘आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं तरी आजी माळ्यावर चढेना’, इथूनच सुरू करा की! ४० म्हणजे इशारा पातळी हे सांगलीकराला सांगावं लागत नाही, आणि बाहेरच्याला पुढची धावपळ सांगेलच. परीक्षक पुण्याचे असतील म्हणून बोलीतले संवाद मात्र प्रमाण करत बसू नका.

कागदी प्रत मागितली असेल तर स्पीड पोस्ट करा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालंय. पावतीचा फोटो काढून ठेवा, त्यावरची छपाई पुसट होते.