इम्पेलर बदलला, तरी इंजिन तापतंच?

आयटीआयचा डिझेल मेकॅनिक करून दिवाळे कोळीवाड्यात किंवा ठाणे खाडीतल्या बोटींवर हाताखाली लागलात की इम्पेलरची (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) ही तक्रार लवकरच कानावर येते. कूलिंगच्या दोन वाटा, बाहेरून ओढलेल्या खाऱ्या पाण्याची आणि इंजिनात फिरणाऱ्या कूलंटची, तुम्हाला ठाऊक आहेत असं धरतो.

आधी खारं पाणी. ओहोटीला बोट गाळात बसते आणि पाणी आत घेणाऱ्या इनटेकच्या तोंडाशी चिखल, पिशव्या अडकतात. स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) स्वच्छ दिसला म्हणजे वाट मोकळी, असं समजू नका. बोट पाण्यावर असताना सी-कॉक (इनटेकवरचा नळ) बंद करा, त्याच्या पुढचा होस काढा आणि कॉक जरासा उघडा. पाणी जोरात उसळलं पाहिजे.

आता पंप. झाकण काढल्यावर इम्पेलरची दोन पाती गायब दिसतात. नवा इम्पेलर घातला, एक्झॉस्टमधून पाणी पडलं, काम संपलं? इथेच नव्या पोरांची फसगत होते. तुटलेलं रबर गेलं कुठे? जुना इम्पेलर फळीवर ठेवा आणि सापडलेले तुकडे त्याला जुळवा. दोन पाती गेली असतील तर दोन पात्यांएवढं रबर हातात यायलाच हवं. पंपापुढच्या होसचं वळण, गिअर ऑइल कूलरचं तोंड, हीट एक्स्चेंजरचं (नळ्यांतल्या खाऱ्या पाण्याने कूलंट थंड होतं ती पेटी) झाकण, सगळं उघडा. इंजिन बंद पडल्यावर पाणी मागे उतरतं, म्हणून सक्शनचा होसही तपासा. तुकडा नळ्यांच्या तोंडावर आडवा बसला की आयडलला सगळं ठीक वाटतं; भर समुद्रात रेस वाढवली की तापमानाचा काटा चढतो. मग शिव्या नव्या इम्पेलरला. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

नवा बसवताना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा, साधं ग्रीस नको. त्याने रबर फुगतं. पाती उलटी वाकली तरी घाबरू नका, पहिल्याच फेऱ्यात वळतात. गास्केट मात्र मूळ जाडीचंच हवं, जाड घातलं की पंप पाणी ओढत नाही.

"थर्मोस्टॅट काढून टाक" सांगणारा मिस्त्री कितीही जुना असो, त्याचं ऐकू नका. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंट तापलं की उघडणारी झडप; बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपास (एक्स्चेंजर टाळून जाणारी वाट) बंद करतो. तो काढला की थोडं कूलंट थंड न होताच फिरत राहतं. गरम पाण्यात टांगून थर्मामीटरने तपासा, उघडायचं तापमान त्याच्यावरच कोरलेलं असतं.

वाट मोकळी असूनही तापतंय? इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. एक्स्चेंजरमधून बाहेर पडणारं खारं पाणी फारच गरम असेल तर प्रवाह कमी आहे. ते जेमतेम कोमट आणि कूलंट तापलेलं असेल तर नळ्यांवर थर बसलाय. नळ्या लाकडी काडीने साफ करा, स्टीलची तार घालू नका. झिंक (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) अर्धं झिजलं की बदला. कूलंटची कॅप उघडायची ती इंजिन गार झाल्यावरच, त्यात घाई करणारा एकदा तरी भाजतोच. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलं, म्हणजे तेलात पाणी गेलंय, तर इंजिन सुरूच करू नका.

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत इम्पेलर काढून ठेवा. एकाच जागी दबून राहिलं की पात्यांना बाक बसतो. काढलाय हे चिठ्ठीवर लिहून ती स्टार्टरच्या चावीला बांधा, नाहीतर कुणीतरी पाण्याविना इंजिन फिरवेल.