डीसीपी करताना आधी चौकट, मग डेटा रेट

नाव भारी वाटतं म्हणून डीसीपीला (थेटरात लावायची फिल्मची डिजिटल प्रत) ‘स्कोप’ ही रुंद चौकट निवडू नका. मी निवडलं होतं. एडिटमध्ये वर-खाली काळ्या पट्ट्या आधीच टाकलेल्या, त्यात स्कोप; थेटरात माझ्या फिल्ममधला रंकाळा चारही बाजूंनी काळ्या चौकटीत, पासपोर्ट फोटोएवढा!

1920 बाय 1080 चं साधं 16:9 शूट असेल तर ‘फ्लॅट’ घ्या, म्हणजे 1998 बाय 1080. डाव्या-उजव्या कडेला 39-39 पिक्सेल काळे राहतात, अंधारात कुणाच्या लक्षातही येत नाहीत. फ्रेमच 2.39 ची (उंचीच्या 2.39 पट रुंद) लावली असेल तरच स्कोप, 2048 बाय 858. पण पट्ट्या आधी कापून टाका.

डेटा रेटची, म्हणजे सेकंदाभराच्या चित्राला किती डेटा द्यायचा त्याची, कमाल मर्यादा 250 मेगाबिट प्रति सेकंद. तिथपर्यंत ताणायची गरज नसते, थेटरातले जुने सर्व्हर अडखळू शकतात. 2के (वरचे फ्लॅट-स्कोपचे आकार), सेकंदाला 24 फ्रेम असतील तर 125 बहुतेकदा पुरतं. 20 मिनिटांची फिल्म साधारण 19 जीबीत बसते. गुऱ्हाळाची वाफ, तालमीतली उडती माती, रात्रीच्या शॉटमधला ग्रेन (चित्रातले बारीक दाणे) असं काही असेल तर 180-200 करा. आणि एकदा थेटरातच लावून बघा. लॅपटॉपवर सगळं झकासच दिसतं.