पीट टाँगचं अकाउंट सापडेना!

"मॅडम, पीट टाँग नावाने अकाउंटच दिसत नाहीये." ट्रेनिंग संपवून नुकताच फ्लोअरवर आलेला पोरगा रडकुंडीला आला होता. ऐरोलीचं कॉल सेंटर, यूके प्रोसेस म्हणजे तिकडच्या गिऱ्हाइकांचे फोन, पलीकडे एक वैतागलेले आजोबा. ते म्हणाले होते, 'इट्स ऑल गॉन पीट टाँग.' पीट टाँग हा तिकडचा नावाजलेला डीजे. टाँगला यमक राँग, म्हणून राँगच्या जागी त्याचं नाव. सगळा घोळ झालाय, एवढंच आजोबांना सांगायचं होतं, आणि हा दहा मिनिटं सिस्टिममध्ये डीजे शोधत बसला. आजोबांचं बोलणं मग मी खाल्लं.

तेव्हापासून नवीन बॅचला मी पहिल्याच दिवशी सांगते: कळलं नाही तर शब्द नको, अख्खं वाक्य लिहून घ्या. देवनागरीत लिहा, स्पेलिंगच्या नादी लागू नका. 'हॅव अ बुचर्स ॲट माय बिल' यातला नुसता 'बुचर्स' टिपला तर खाटकापाशीच अडकाल. वाक्य समोर असलं की कळतं, त्या जागी 'लुक'च बसतो. आता उलगडा करा. बुचर्स हुक म्हणजे मटण टांगायचा हूक. हुकला यमक लुक. आणि गंमत म्हणजे बोलताना नेमका यमकाचा शब्दच गाळायचा! बाहेरच्याला थांग लागूच नये. पूर्व लंडनच्या गल्ल्यांत एकोणिसाव्या शतकात ही खोड रुजली. म्हणून विचित्र शब्द आला की विचारायचं, याच्या पुढचा जोडीदार कोण? 'यूज युअर लोफ' मध्ये लोफ ऑफ ब्रेड, ब्रेडला यमक हेड, म्हणजे 'डोकं चालव'. 'ऑन माय टॉड' मध्ये टॉड स्लोन, अमेरिकेतून येऊन इंग्लंडच्या घोडदौडी गाजवलेला जॉकी. स्लोनला यमक ओन, म्हणजे 'मी एकटाच आहे'. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडून हे ऐकायला मिळतं.

यमक जुळत नसेल तर शब्द उलटा वाचून बघा. 'यॉब' म्हणजे टवाळ पोरगा. उलटा वाचा, बॉय. लंडनचे फेरीवाले आणि खाटीक गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून असं बोलत. आम्ही नौपाड्यात लहानपणी 'चळेतशा चतेजा' म्हणायचो, त्यातलाच प्रकार.

आणि तरीही जमलं नाही, तर शब्द मोठ्याने म्हणा. कदाचित तो आपलाच निघेल. 'पक्का' म्हणजे पक्का. 'कुशी जॉब' मधला कुशी म्हणजे खुशी, आरामाची नोकरी. 'ब्लायटी' म्हणजे मायदेश, आणि मूळ शब्द विलायती! पहिल्या महायुद्धात 'ब्लायटी' लागली म्हणजे घरी धाडतील इतपतच जखम झाली, असं सैनिक म्हणत.

माझा लाडका शब्द मात्र 'डूलाली'. डोकं फिरलेल्या माणसाला म्हणतात. मावशीकडे जाताना कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली की जे देवळाली स्टेशन लागतं, तेच हे. मुदत संपलेले गोरे सैनिक तिथल्या छावणीत बोटीची वाट बघत थांबायचे. बोटी हिवाळ्याच्या हंगामातच सुटायच्या. चुकली तर महिनोन्‌महिने काम नाही, धंदा नाही, वर ऊन. पोरं बिथरायची. मूळ प्रयोग 'डूलाली टॅप'. हा टॅप नळाचा नव्हे, आपला ताप. देवळालीचा ताप. डोक्याला ताप आपण रोज म्हणतोच. पुढे गोऱ्यांनी ताप सोडला, गाव तेवढं ठेवलं. मावशीला हे सांगितलं तर ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

आता सावधगिरी. व्युत्पत्ती जितकी गोड, तितका संशय घ्या. 'पॉश' म्हणजे मुंबईच्या बोटीवर जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची थंड केबिन, 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं, ही गोष्ट मीही वर्षभर बॅचला रंगवून सांगितली. पण तसा शिक्का मारलेलं एकही तिकीट कुणाला सापडलेलं नाही. आद्याक्षरांची गोष्ट आली की हात आखडा. दुसरी पारख सालाची. पाचशे पौंडांना 'मंकी' म्हणतात, कारण म्हणे इथल्या पाचशेच्या नोटेवर माकड होतं. पण जॉन कॅम्डेन हॉटनने १८५९ साली लंडनमध्ये छापलेल्या कोशात हा शब्द आहे, आणि आपल्याकडे सरकारी कागदी नोटांचा कायदाच १८६१ चा!

कॉलवर स्वतः हे शब्द वापरू नका. आपल्या तोंडी ते उसने वाटतात आणि काही तर चारचौघांत बोलायचेही नसतात. 'नॅकर्ड' म्हणजे पार थकलेला. नॅकर हा म्हातारे घोडे कापायला विकत घेणारा. आजींनी म्हटलं तर गोड वाटतं, एजंटने म्हटलं तर मेमो.

त्या पोराची आता बरी प्रगती आहे. परवा एक बाई त्याला म्हणाल्या, 'लेट मी हॅव अ डेको.' डेको म्हणजे आपलं 'देखो', हे त्याला लगेच कळलं. पठ्ठ्या खुशीत म्हणाला, "देखिए मॅडम, आरामसे देखिए." कॉल तपासणाऱ्या क्वालिटीवाल्यांनी दोन मार्क कापले.