कलेचा इतिहास मायनरला, म्हणजे दुय्यम विषय म्हणून घेतलाय? मग या चुका टाळा

"सर, माका चित्र काढूक येत नाय. मगे ह्यो विषय घेव काय नको?" दर जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न ठरलेला. घे बाबा, बिनधास्त घे. इथे चित्र काढायचं नसतं, बघायचं असतं. खरा घोटाळा पुढेच होतो, आणि तो करण्यात नोट्स झपाट्याने पाठ करणारी हुशार मुलंच आघाडीवर असतात.

घारापुरीचंच घ्या. मुख्य लेण्यातली ती साधारण साडेपाच मीटर उंचीची, तीन मुखांची मूर्ती. उत्तरपत्रिकेत हमखास येतं, 'ब्रह्मा, विष्णू, महेश यांची त्रिमूर्ती'. लहानपणापासून ऐकलेलं असतं, सहलीतही कोणीतरी तेच सांगितलेलं असतं. पण मूर्तीसमोर जरा उभं राहून बघा. तुमच्या डाव्या हाताच्या मुखाला मिशा आहेत, भुवया ताणलेल्या, हातात नाग. हा अघोर. उजवीकडचं मुख कोवळं, स्त्रीरूपाकडे झुकणारं, हातात कमळ. हा वामदेव. मधला शांत, तो तत्पुरुष. तिन्ही मुखं शिवाचीच. यात ब्रह्मदेव कुठे दिसला?

यावरचा उपाय फुकटचा आहे. फोन पिशवीत ठेवा, वीस मिनिटं बसा आणि दिसतं तेवढंच लिहा. हातात काय आहे, केस कसे बांधलेत, उजेड कुठल्या बाजूने येतो. सहावं शतक, कलचुरी राजे वगैरे सगळं त्यानंतर.

दुसरी चूक प्रकल्पात होते. कुडाळहून बसने येणारी मुलगी मायकेलअँजेलोवर वीस पानं उतरवून आणते, आणि पिंगुळी तिच्या रोजच्या वाटेवर! तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी तिला 'गावची कला' वाटते, अभ्यासाचा विषय वाटत नाही. आणि जे कोणी तो विषय घेतात, ते एकच चित्र फ्रेममध्ये असल्यासारखं तपासतात. चित्रकथीत चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. त्यांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात, आणि कथा गात गात एकेक चित्र लोकांपुढे धरायचं असतं. समोर बसलेल्या गर्दीला लांबून दिसायला हवं, हे लक्षात घेतलं की ते टपोरे डोळे आणि ठळक आकार कशासाठी, हा प्रश्न निदान विचारता तरी येतो. गाणं वगळून चित्रकथीवर लिहिणं म्हणजे नुसत्या कपड्यांवरून दशावताराचं नाटक समजावून सांगणं. सावंतवाडीच्या गंजिफांचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचंही तसंच. दशावतारी गंजिफा 120 पानांची असते, 10 अवतार आणि प्रत्येकाची 12 पानं. ती खेळायची वस्तू आहे, हेच मुलं लिहायला विसरतात.

कातळशिल्पांवर, म्हणजे उघड्या कातळात कोरलेल्या चित्रांवर जरा रेंगाळतो, कारण इथे चूक झाली तर नुकसान मार्कांपुरतं राहत नाही. कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. तेव्हापासून सड्यावर, म्हणजे त्या उघड्या कातळाच्या पठारावर वर्दळ वाढली. फोटोत रेषा उठून दिसावी म्हणून कोणी खडू भरतं, कोणी चुना. हे अजिबात करू नका. रेषा दिसत नाही कारण तुम्ही भर दुपारी गेलात. कोरीव काम उथळ असतं. सूर्य डोक्यावर आला की सावली नाहीशी होते आणि चित्र कातळात विरून जातं. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उजेडात तीच रेष आपोआप उठते. पावसाळ्यात तर गवत आणि शेवाळ असतं, तेव्हा जाण्यात अर्थ नाही. चपला बाहेर काढा. फोटोत मोजपट्टी ठेवा, नाहीतर कशेळीचा तो प्रचंड हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले लहानमोठे प्राणी यांचं प्रमाण वाचणाऱ्याला कळणारच नाही. आणि काळ लिहिताना 'अमुक हजार वर्षांपूर्वीचं' असं ठोकून देऊ नका. उघड्या जांभ्यावर कोरलेल्या रेषेचं वय काढणं अवघड असतं, अभ्यासकांत मतभेद आहेत. तसंच लिहा, मार्क जात नाहीत.

मुख्य विषय आणि मायनर यांची भिंत पाडा. भूगोलाच्या मुलाला जांभा मुरमाड, सच्छिद्र असतो हे पाठ असतं. पण आपल्याकडे देवळाच्या भिंती जांभ्याच्या आणि गाभाऱ्यातली मूर्ती मात्र काळ्या पाषाणाची का, हे विचारलं की तो गप्प. उत्तर त्याच्याच वहीत असतं: जांभ्यात बारीक कोरीव काम टिकत नाही.

शब्दांचंही बघा. अंतराळ (गाभारा आणि मंडप यांमधली जागा), अधिष्ठान (देवळाचं जोतं), उठावशिल्प (पार्श्वभूमीतून उठून आलेलं शिल्प) असे शब्द आले की एका वहीत स्वतःच्या हाताने छोटी आकृती काढून ठेवा. वाकडी आली तरी चालेल.

आता माझी चूक. एकदा रविवारी संध्याकाळी सावंतवाडीहून तुतारी एक्स्प्रेसने मुलांना घेऊन निघालो, सोमवारी पहाटे दादर, तिथून गेट वे. धक्क्यावर कळलं की घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. वीस मुलं, वीस डबे आणि माझा चेहरा. मग तशीच चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेली. पुढच्या वर्षी तिकीट शनिवारचं काढलं.